जोतिबाच्या यात्रेत बंदोबस्ताच्या पोलिसांकडं दिसायची ती कार्बाइन म्हणजे स्टेनगनच का?

नाही. लोक सर्रास स्टेनगन म्हणतात, पण ती ब्रिटिश स्टर्लिंग, आपल्याकडं कानपूरला बनलेली. ब्रिटिश सैन्यानं ती १९५३ मध्ये स्वीकारली. रचना जॉर्ज पॅचेट यांची. दोन्हींचं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, डाव्या बाजूला आडवं, पण स्टेनचं सरळ, ३२ गोळ्यांचं. हिचं वाकडं, ३४ गोळ्यांचं. एवढी खूण पुरते.

खरी करामत आत आहे. बोल्टवर, म्हणजे गोळी झाडताना आत पुढंमागं सरकणाऱ्या भागावर, तिरके कंगोरे असतात, ते पुढंमागं होताना आतली धूळमाती खरवडून बाजूला सारतात. आमचे आबा सैनिक टाकळी गावचे, पलटणीत हीच बाळगायचे. चिखलातनं काढली तरी अडत नाही, असं अभिमानानं सांगायचे. गोळी मात्र पिस्तुलाचीच, ९ मिमी; लांबच्या माऱ्याला रायफलच हवी.