माकड, वानर की एप?

प्रश्न असा: २०११ साली 'राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स' या चित्रपटाने ती जुनी मालिका नव्याने सुरू केली. त्याविषयी मराठीत लिहिताना एकाने 'माकडांचे बंड' असे म्हटले, तर दुसऱ्याने 'एप म्हणजे माकड नव्हे' असा आक्षेप घेतला. मग मराठी शब्द कोणता?

प्राणिशास्त्राच्या बाजूने आक्षेप बिनतोड आहे. चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान, गिबन हे एप, आणि एपला शेपूट नसते. चित्रपटात माणसांविरुद्ध उठणाऱ्यांचा नायक सीझर चिंपांझी, मॉरिस ओरांगउटान, बक गोरिला, कोबा बोनोबो, सगळे बिनशेपटीचे. म्हणजे इंग्रजीने रेघ मारली ती शेपटीवर. मराठीने मारली ती तोंडावर: लाल तोंडाचे ते माकड, काळ्या तोंडाचे ते वानर. त्या वानराची शेपूट तर अंगापेक्षा लांब! भारतात एप म्हणावा असा प्राणी फक्त गिबन, तोही ईशान्येच्या जंगलांत. जो प्राणी मराठी मुलखात कधी दिसलाच नाही, त्याला नाव कोण कशाला ठेवील?

बरे, इंग्रजीची ही रेघही काही सनातन नाही. 'मंकी' हा शब्द तिथे सोळाव्या शतकात आला. तोवर सरसकट सगळे 'एप'च होते. फ्रेंच तर आजही एकाच 'सँज'वर दोघांचे भागवते. या चित्रपटांच्या मुळाशी असलेली पिएर बूल यांची १९६३ची कादंबरी फ्रेंचच, आणि तिच्या नावात हाच शब्द आहे. म्हणून तिचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत 'प्लॅनेट ऑफ द एप्स' झाले, तर ब्रिटनमध्ये 'मंकी प्लॅनेट'. 'माकडांचे बंड' लिहिणाऱ्याला एवढा आधार पुरे.

तरी मी 'माकड' वापरणार नाही. अडचण शेपटीची नाही, त्या शब्दाला चिकटलेल्या हसण्याची आहे. माकडचाळे, माकडचेष्टा, माकडाच्या हाती कोलीत. कोंडवाड्यात सीझर पहिल्यांदा 'नो!' म्हणून गरजतो, तिथे 'माकड बोलले' लिहून पाहा. प्रसंगाची रयाच जाते. शिवाय माकड कायम 'ते'. वानर मात्र 'ते'ही चालते आणि 'तो'ही, कारण रामायणाने त्याला सेना दिली, राजा दिला, मुत्सद्देगिरी दिली. 'वानर बोलला' हे मराठी कानाला मुळीच खटकत नाही.

'कपी' शास्त्रीय लेखनात दिसतो, पण अर्जुनाच्या ध्वजावरचा कपी म्हणजे मारुती, आणि त्याच्याच शेपटीने लंका जाळली! 'वनमानव' ऐकायला छान, पण ओरांगउटान या मलय नावाचा अर्थच मुळी 'वनातला माणूस'. मग तो एकट्या मॉरिसला द्यावा लागेल. तेव्हा प्राणिशास्त्रावर लिहायचे तर सरळ 'एप' लिहा, चित्रपटावर लिहायचे तर 'वानर'. (शेपटीवरून फारच वाद झाला, तर आपल्या पाठीच्या कण्याच्या टोकाला मराठीत काय म्हणतात ते आठवावे: माकडहाड. हे हाड सीझरलाही असणार.)

राहिला 'बंड' हा शब्द. मूळ प्रश्न त्याच्याविषयी नव्हता, पण मला तोच जास्त खुपला. बंड हे ज्याच्याविरुद्ध होते त्याच्या तोंडचे नाव. ते मोडायचे, चिरडायचे असते. १८५७ला 'शिपायांचे बंड' म्हणायचे की 'स्वातंत्र्यसमर', हा वाद आपल्याला नवा नाही. इथे कथा सीझरच्या बाजूने सांगितलेली आहे, म्हणून 'उठाव' हवा. त्यात 'राइज'मधले उठणेही आपसूक येते. 'वानरांचा उठाव' लिहा.