ओसीआय कार्डावर कोकणात शेतजमीन घेता येते का? आणि परदेशी नागरिक असलेल्या आत्याचं नाव सातबाऱ्यावरून कमी करता येईल का?

विकत घेता येत नाही. तुम्ही ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलंत त्याच दिवशी भारताचं संपलं, आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्या कार्डावर फ्लॅट घ्या, दुकानाचा गाळा घ्या, बिनशेती झालेला प्लॉट घ्या, कितीही घ्या. शेतजमीन, फार्महाऊस आणि प्लँटेशन या तीन गोष्टी मात्र घेता येत नाहीत, कोणी बक्षीसपत्राने दिल्या तरी नाहीत. तुम्ही म्हणता ती दोन एकर हापूसची बाग सातबाऱ्यावर शेतजमीनच असणार. 'कागद आम्ही बघतो, तुम्ही फक्त टोकन द्या' म्हणणारा एजंट भेटला असेल तर त्याचा फोन उचलू नका. फेमात, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्यात, दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो आणि तो एजंटला नाही, तुम्हाला होतो.

एवढ्यावर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर संपतं. मी लिहायला बसले ती तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. तुम्ही लिहिलंय, 'एक आत्या अमेरिकेची नागरिक आहे, आजोबांनंतर तिचं नाव बाबांच्या बरोबर सातबाऱ्यावर लागलंय. परदेशी नागरिकाला शेतजमीन चालत नसेल तर तिचं नाव काढून सगळी बाबांच्या नावावर होईल ना?'

नाही होणार. आणि आमच्या घरातली अशी आत्या मी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं गाव गुहागर तालुक्यात. थोडं माडा-पोफळीचं आगर, वर सड्याला कलमं, बाकी वरकस. मी १९९३ साली लग्न होऊन मुंबईला गेले, तिथून कॅनडाला, आणि २००९ मध्ये तिकडची नागरिक झाले. अण्णा, म्हणजे माझे वडील, २०१६ च्या नोव्हेंबरात गेले. नोटाबंदीचे दिवस होते. बँकेपुढे रांगा, आणि भटजींना दक्षिणा द्यायला घरात चालणाऱ्या नोटा नाहीत. तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी दादा ओटीवर येऊन बसला. म्हणाला, 'उद्या दुय्यम निबंधकाकडे जाऊन येऊ. तुझं हक्कसोडपत्र करून टाकू. तुझा पासपोर्ट कॅनडाचा, परदेशी माणसाच्या नावावर शेती आली की ती सरकारजमा होते. तुझ्या एका नावापायी सगळा सातबारा अडकेल.'

दादा खोटं बोलत नव्हता. त्याला चिपळूणात कोणीतरी तसं सांगितलं होतं आणि त्याने ते खरं मानलं होतं. मी म्हटलं, चार दिवसांनी माझं विमान आहे, मला जरा विचारून घेऊ दे. त्यावर तो म्हणाला, 'म्हणजे माझ्यावर विश्वास नाही.' आई आत देवापाशी बसली होती. ती काही बोलली नाही. मी सही न करता परत आले.

२०१८ च्या फेब्रुवारीत एका रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर भूलेखची साइट उघडली, गट नंबर टाकला. अण्णांच्या नावाला कंस झालेला, म्हणजे ते कमी केलेलं, आणि खाली दोन नावं, आई आणि दादा. माझं नव्हतं. मावसभावाला सांगून फेरफाराची, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदीची, नक्कल काढली. वारसांच्या जबाबात लिहिलं होतं की मयतास एक मुलगी असून ती परदेशी नागरिक असल्याने तिचे नाव दाखल करण्याची आवश्यकता नाही. खाली पंचांच्या सह्या. नोंद मंजूर. अशा नोंदीआधी हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस द्यावी लागते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. मला ती नोटीस आलीच नाही. पत्ता माहीत नव्हता असं म्हणावं तर दर दिवाळीला त्याच पत्त्यावर फराळाचं पार्सल येत होतं.

मी अपील केलं. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २४७ खाली प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, जाता येतं, मुदत ६० दिवसांची. ती केव्हाच गेली होती म्हणून आधी विलंब माफीचा अर्ज. तारखांना उभं राहायला मावसभावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचं होतं. एका देशातला कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून जो अपॉस्टिलचा शिक्का असतो, त्याच्या करारात कॅनडा तेव्हा नव्हता (२०२४ पासून आहे), म्हणून टोरोंटोला भारतीय वकिलातीत जाऊन ते साक्षांकित करून घेतलं. असा कागद भारतात पोहोचला की तीन महिन्यांच्या आत त्याच्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे बहुतेकांना माहीत नसतं आणि पुढे कागद निरुपयोगी ठरतो.

समोरच्या वकिलांचे मुद्दे दोन होते. पहिला फेमाचा. दुसरा माझ्या लग्नाचा. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला तेव्हा २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, आणि माझं लग्न १९९३ चं.

आमच्या वकीलबाई गुहागरच्याच, वयाने माझ्यापेक्षा लहान. त्यांनी आधी दुसरा मुद्दा निकालात काढला. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने लग्नाची ती अट उरली नाही आणि अण्णा तर २०१६ मध्ये गेलेले. शिवाय वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्याला विधवा, मुलगा, मुलगी हे पहिल्या वर्गाचे वारस १९५६ पासूनच आहेत, मुलीचं लग्न कधीही झालेलं असो. (२०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात हा मुलींचा विषय आणखी पक्का केला, पण आमचं काम त्याच्या आधीच उरकलं होतं.)

मग त्यांनी फेमा काढला. कलम ६, पोटकलम ५. भारताबाहेर राहणाऱ्या व्यक्तीला भारतातली स्थावर मिळकत धारण करता येते, तिची मालक राहता येतं, ती हस्तांतरित करता येते, जर ती मिळकत तिने भारतात राहत असताना घेतली असेल किंवा भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून तिला वारशाने आली असेल. त्यात शेती वगळलेली नाही. ज्या नियमांत शेतजमीन घ्यायला मनाई आहे, त्याच नियमांत वारशाने मिळण्याला परवानगी आहे. हे नियम २०१९ मध्ये नव्याने आले, पण या बाबतीत जुन्यातही हेच होतं. घेणं वेगळं आणि मिळणं वेगळं. चिपळूणातल्या त्या माणसाने या दोन गोष्टी एक केल्या आणि आमच्या घरात तीन वर्षं धड बोलणं राहिलं नाही.

वकीलबाईंचं शेवटचं वाक्य मला मावसभावाने फोनवर सांगितलं, ते मी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, हिंदू वारसा कायद्यात वारस कोण होऊ शकत नाही ते लिहिलेलं आहे. खून करणाऱ्याला त्या मयताचा वारसा मिळत नाही. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणारीला मिळत नाही असं कुठे लिहिलंय ते दाखवा.

२०१९ च्या अखेरीला निकाल लागला आणि माझं नाव चढलं. आई, दादा, मी. कलमांचा एक रुपया मी घेतलेला नाही, मागितलेलाही नाही. झाडं दादाने जगवली, फवारण्या त्याने केल्या, राखणीला रात्री तो गेला, वाऱ्या-वादळात पडझड झाली तीही त्यानेच काढली. ते त्याचं आहे. पण अण्णांच्या मागे कोण कोण आहे असं सरकारी कागदाने विचारलं तेव्हा त्यात 'एक मुलगी आहे, पण' असं लिहिलं गेलं, ते मला सहन झालं नाही आणि आजही होत नाही.

आता तुमच्याकडे येते. आत्याचा हिस्सा आजोबांकडून, म्हणजे भारतात राहणाऱ्या माणसाकडून वारशाने आलेला असेल तर ती त्याची पूर्ण मालक आहे. नागरिकत्वाचं कारण देऊन तिचं नाव कमी करायचा अर्ज केलात तर तो टिकायचा नाही आणि वर आत्या तुटेल. तुम्ही स्वतः त्याच जागी उभे आहात हे कसं लक्षात येत नाही तुमच्या? बाबांनंतर तुमचंही नाव त्याच नियमाने लागायचं आहे. आत्याला जो कायदा लावाल तोच तुम्हाला लागेल.

'मी पैसे देतो, जमीन बाबांच्या किंवा भावाच्या नावावर घेऊ' असा विचार असेल तर थांबा. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, याला बेनामी म्हणतात. तो कायदा २०१६ मध्ये बराच कडक झाला आहे. बाबांना पैसे खरोखर बक्षीस दिलेत आणि त्यांनी स्वतःसाठी जमीन घेतली तर ती गोष्ट वेगळी. पण मग ती बाबांची जमीन, आणि तुम्हाला बहीण असेल तर उद्या तिचाही त्यात तुमच्याइतकाच वाटा. हे आधी मनाशी कबूल करा आणि मग पैसे पाठवा. बाबा शेतकरी आहेत हे बरं आहे, कारण महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्या पुणेकरालाही शेतजमीन घेता येत नाही. वारसाला ती अट नाही.

मुलांची ओसीआय कार्डं काढली नसतील तर काढा. तुम्हाला बाबांकडून आलेली शेती उद्या मुलांना तुमच्याकडून मिळायची, आणि तुम्ही भारताबाहेर राहणारे. अशा वेळी मूल नुसतं परदेशी नागरिक असून चालत नाही. ते ओसीआय असेल तर वारशाची वाट नियमात स्पष्ट आहे. 'तुझ्या पोरांना तर काहीच मिळणार नाही, मग नाव कशाला हवंय' हा दादाचा तिसरा मुद्दा होता, तो त्याने प्रांतांपुढे नाही, फोनवर काढला. त्या वर्षी मी दोन्ही मुलांची कार्डं काढून घेतली.

विकायची वेळ आली तर शेतजमीन भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकता येते, दुसऱ्या ओसीआयला नाही, आणि घेणारा शेतकरी हवा. पैसे एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यात, जातात, तिथून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण नगरपालिका किंवा नगरपंचायत जवळ असेल तर लोकसंख्येप्रमाणे २, ६ किंवा ८ किलोमीटरची हद्द मोजतात. त्यासाठी सीए गाठा.

मी वकील नाही. आमची केस साधी होती, सातबाऱ्यावर कुळ नव्हतं, चुलत्यांची नावं आधीच वेगळी झालेली. तुमच्याकडे सामायिकात तीस-चाळीस नावं असतील तर वेगळ्या अडचणी येतात. आणि प्रांतांचा निकाल नोंदीपुरता असतो, मालकीचाच वाद असेल तर दिवाणी कोर्ट. कोणी परदेशी नागरिक झाल्यानंतर शेती विकत घेऊन ठेवली असेल तर त्याला यातलं काही लागू नाही, त्याने लगेच जाणत्या माणसाला भेटावं.

आत्याचं नाव कमी व्हायचा सरळ मार्ग म्हणजे तिने आपणहून नोंदणीकृत हक्कसोडपत्र करणं. तेव्हा तिला फोन करा. कायद्याची भीती घालायला नाही, विचारायला. बाबांनाच करू द्या तो फोन, बहीण त्यांची आहे. 'तुझा हिस्सा आहे, तो तुझाच आहे, तुला काय वाटतं?' एवढंच त्यांनी विचारावं आणि ती जे सांगेल ते ऐकावं. २०१६ मध्ये दादाने ओटीवर बसून मला असं विचारलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर जाऊन सही करून आले असते.