वाचकांचे प्रश्न : चौदा गाड्या, चाळीस माणसं, एक रात्र

दिवाळी सरली की सह्याद्रीतल्या वाटा वाळू लागतात आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्यांच्या, क्लबांच्या मुक्कामी सहली ठरतात. त्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

आमच्या क्लबात थार, जिम्नी, गुरखा आणि दोन जुन्या जिप्सी अशा चौदा गाड्या आहेत. नोव्हेंबरअखेरच्या शनिवार-रविवारी पानशेत-वेल्ह्याकडे मुक्काम करायचा विचार आहे. बायका-मुलं धरून चाळीस जण होतील. तयारी कुठून सुरू करावी? (पुणे)

जागेपासून. माळ मोकळा दिसला तरी त्याला मालक असतोच. तो खासगी असेल, गायरान असेल, वनखात्याचा असेल किंवा धरणाच्या बुडितातला असेल. गावात गट नंबर विचारा आणि सातबारा ऑनलाइन काढून बघा. त्यावर बहुधा पाच-सात नावं असतात आणि ‘बिनधास्त या’ म्हणणारा त्यातला एकच असतो. मग रात्री नऊला दुसरा भाऊ बॅटरी घेऊन येतो आणि चूल पेटलेली असताना तंबू उचलावे लागतात. म्हणून आधी एकदा जाऊन जेवढे हिस्सेदार गावात राहतात तेवढ्यांना भेटा. तारीख, गाड्यांची संख्या, ठरलेले पैसे आणि गाड्या कुठून कुठे फिरणार हे साध्या कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचं पत्र लागेल. पोलीस पाटलांना गाड्यांचे नंबर आणि आयोजकाचा फोन देऊन ठेवा. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं आणि विस्तव करणं १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. ताम्हिणी, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड या अभयारण्यांना शिवाय १९७२ चा वन्यजीव कायदा लागू होतो. तिथे ‘गावातल्या ओळखीचा माणूस आहे’ हे चालत नाही. देवराईत गाडी घालायचीच नाही, मग परवानगी कुणीही देवो.

जागा बघायला जाल तेव्हा खाचरांचे बांध नीट बघा. भात निघालं की खाचर रिकामं दिसतं, पण ओल धरून ठेवतो तो बांध. एका गाडीच्या चाकाने तो दबतो आणि सात गाड्या त्याच खोबणीतून गेल्या की फुटतो. मग शेतकऱ्याला पावसाआधी दोन दिवस खपून तो पुन्हा घालावा लागतो. काही खाचरांत नोव्हेंबरात वाल किंवा हरभरा नुकताच पेरलेला असतो आणि गाडीत बसून तो दिसत नाही. म्हणून वाट मालकाला बरोबर घेऊन पायी आखा, दोन्ही बाजूंना चुन्याच्या खुणा करा आणि शनिवारी सगळ्या चालकांना ती पायीच दाखवा.

उंच वाळलेल्या गवतात गाडी उभी करू नका. सायलेन्सरजवळचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि डिझेल गाडीतला काजळीचा फिल्टर, गवत पेटवण्याइतके तापतात. गवतातून गाडी आणली असेल तर खाली वाकून सायलेन्सरवर अडकलेले झुपके काढा. पार्किंगची जागा आधीच कापून साफ करून घ्या. मुक्काम नदीच्या कोरड्या पात्रात टाकू नका. वर धरण असेल तर पाणी कधी सुटेल याचा नेम नसतो.

चौदा गाड्या एका रांगेत चालवू नका. सात-सातच्या दोन तुकड्या करा आणि दोन्हींत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. पुढे वाट माहीत असलेला, शेवटी विंच (गाडीवर बसवलेली, दोर गुंडाळून ओढणारी चरखी) किंवा गाडी ओढायचा पट्टा असलेला अनुभवी चालक, आणि नवखे तिसऱ्या-चौथ्या जागी. मागची गाडी आरशात दिसली पाहिजे. नाही दिसली तर थांबायचं. एवढा एक नियम पाळला तर कुणी हरवत नाही.

नोव्हेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे शनिवारचं ड्रायव्हिंग चारला संपवा आणि साडेचारला तळावर पोचा. साडेपाचपर्यंत तंबू लागलेले हवेत. बहुतेक आयोजक इथेच घसरतात. ‘आणखी एक चढ’ म्हणता म्हणता अंधारात गाडी रुतते, स्वयंपाक अकराला होतो आणि मुलं उपाशी झोपतात. तळावर सगळ्या गाड्या एका बाजूला, तोंडं वाटेकडे करून लावा. तंबू त्यांच्यापासून निदान दहा मीटर लांब असू द्या. अंधार पडल्यावर एकही गाडी हलणार नाही. हलवावीच लागली तर पुढे एक आणि मागे एक माणूस बॅटरी घेऊन चालेल. गवतावर झोपलेलं मूल रिव्हर्स कॅमेऱ्यात दिसेलच असं नाही.

काळ्या मातीत आमच्या गाड्या हमखास रुततात. टायर मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे आहेत, तरीही. हवा किती ठेवावी? (छत्रपती संभाजीनगर)

काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांत लुकणासारखी बसते. दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो आणि मग महागडी नक्षीही उपयोगाची राहत नाही. पाऊस पडून गेल्यावर निदान दोन कडक उन्हं लागू द्या. धरणाच्या बुडितात तर वरचा थर वाळून भेगाळलेला असतो आणि वीतभर खाली लोणी असतं. आधी चालत जा आणि टाच जोरात आपटा. टाच दोन इंचांहून जास्त रुतली तर गाडी घालू नका.

रस्त्यावर ३० ते ३३ पीएसआय हवा असेल तर दगडधोंड्यांच्या वाटेवर २२ ते २४, चिखलात १८ ते २०, आणि वाळूत १५-१६ करा. त्याखाली साध्या रिमवरून टायरची कड सुटते, विशेषतः वळताना. हवा उतरवलेली असताना वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवा. लो रेंजमध्ये (कमी वेगात जास्त जोर देणारी गिअरची जोड) दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा. गाडी थांबायला लागली आणि चाकं जागेवर फिरू लागली की लगेच पाय काढा. पुढचे पाच सेकंद पाय दाबून ठेवला की गाडी पोटावर बसते.

परत हवा भरायला वेळ लागतो याचा हिशेब फार कमी जण करतात. मध्यम क्षमतेच्या कॉम्प्रेसरला चार टायर १८ वरून ३२ वर न्यायला साधारण वीस मिनिटं लागतात. दहा गाड्या आणि दोन कॉम्प्रेसर म्हणजे रविवारी दुपारचा पावणेदोन तास. चार कॉम्प्रेसर न्या. मोठा कॉम्प्रेसर सिगरेट लायटरच्या सॉकेटला लावू नका, फ्यूज उडतो. थेट बॅटरीला लावा आणि इंजिन चालू ठेवा.

रुतलेली गाडी काढायला आम्ही ट्रकवाल्यांचा नायलॉन दोर आणि मागचा टोइंगचा गोळा वापरतो. आजवर काही झालेलं नाही. तरी एक सदस्य हटकतो. त्याचं खरं का? (नाशिक)

पूर्ण खरं, आणि आजपासून थांबवा. टोइंगचा गोळा ट्रेलर ओढण्यासाठी असतो, झटक्यासाठी नाही. तो तुटला की दोराच्या ताणाने दुसऱ्या गाडीची काच फोडून आत येतो. अशाने जगभर माणसं मेली आहेत. बंपरखाली जहाजात किंवा ट्रकवर गाडी बांधण्यासाठी दिलेल्या कड्याही यासाठी नसतात. चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बोल्टने कसलेला रिकव्हरी पॉइंट, म्हणजे ओढण्यासाठीचा हुक हवा, पुढे एक आणि मागे एक.

झटका देऊन काढायचा पट्टा ताणला जाणारा, साधारण नऊ मीटर लांब असतो. त्याची तुटण्याची मर्यादा दोन गाड्यांपैकी हलकीच्या एकूण वजनाच्या दोन ते तीन पट हवी. भरलेली थार सव्वादोन टनांच्या आसपास जाते, तिला ६-७ टनी पट्टा बरोबर. जिम्नीचं भरलेलं वजन दीड टनाच्या जरा वर आहे. तिला ८ टनी पट्टा लावलात तर तो ताणतच नाही आणि सगळा हिसका चासीला बसतो. तिच्यासाठी साडेचार टनी वेगळा ठेवा. पट्टा हुकाला जोडणारी पिनेची कडी, म्हणजे धनुष्याच्या आकाराचं शॅकल, ४.७५ टनाचं घ्या आणि आकडा त्यावर ठोकलेला आहे ना बघा. बाजारात बिनआकड्याची बरीच मिळतात, ती घेऊ नका. पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ताण आल्यावर ती अडकते.

पट्टा लावण्याआधी फावडं. हे काम कुणाला आवडत नाही, पण निम्म्या गाड्या यानेच सुटतात. चारही चाकांपुढचा उतार कापा, पोटाखालची माती ओढून काढा, हवा आणखी चार पीएसआयपर्यंत उतरवा, पण १५ च्या खाली नको. मग पट्टा जमिनीवर इंग्रजी एस अक्षरासारखा टाका, एक-दोन मीटर सैल ठेवून. मधोमध ओली गोणी किंवा जाड जॅकेट टाका, म्हणजे तुटलाच तर पट्टा उडण्याऐवजी खाली पडेल. ओढणारी गाडी लो रेंज दुसऱ्यात, ताशी १० किलोमीटरच्या आसपास. रुतलेल्या गाडीनेही हलकेच चाकं फिरवायची. बाकी सगळे पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब, बाजूला. खुणा एकच माणूस करेल. तीनदा प्रयत्न करून गाडी हलली नाही तर थांबून पुन्हा खणा. वेग वाढवू नका.

दोन पट्टे जोडायचे झाले तर मध्ये शॅकल लावू नका, तुटलं तर ते गोळीसारखं सुटतं. एका पट्ट्याचं वेटोळं दुसऱ्यातून ओवा आणि गाठीत एक जुनं मासिक गुंडाळून खुपसा. त्याने गाठ ताणाखाली घट्ट बसून जात नाही आणि नंतर हाताने सुटते. पट्टा घरी नेऊन साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. चिखलातले खडे आतले धागे कापत राहतात.

वॉकीटॉकीला परवाना लागतो का? (ठाणे)

४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमध्ये चालणारे, कमी शक्तीचे आणि भारतात मान्यताप्राप्त संच परवान्याशिवाय वापरता येतात. स्वस्तात मिळणारे, कुठल्याही वारंवारितेवर लावता येणारे संच या सवलतीत बसत नाहीत. डोंगरात आवाज एक-दीड किलोमीटर पोचेल असं धरून चाला. प्रत्येक तुकडीला वेगळा चॅनेल द्या.

चाळीस जणांचा स्वयंपाक माझ्याकडे आला आहे. शनिवारचं रात्रीचं जेवण, रविवारचा नाश्ता आणि दुपारचं जेवण. किती सामान न्यावं? (सातारा)

भाकऱ्यांचा भार स्वतःवर घेऊ नका. गावातल्या बचत गटाला आठवडाभर आधी शंभर भाकऱ्या, पिठलं आणि ठेचा सांगा. माणशी अडीच भाकऱ्या पुरतात, गावात चार पैसे जातात आणि भाकरी गरम मिळते. तुमच्याकडे उरेल भात आणि वरण : तांदूळ साडेतीन किलो, तूरडाळ दोन किलो.

नाश्त्याला जाड पोहे चार किलो, कांदे अडीच किलो, शेंगदाणे अर्धा किलो, तेल पाऊण लिटर. चाळीस माणसांचे पोहे एका पातेल्यात करू नका, तळाचे लगदा होतात. दोन घाणे काढा, आणि पोहे फोडणी घालायच्या दहा मिनिटं आधीच भिजवा. रविवार दुपारी मसालेभात ठेवा : चार किलो तांदूळ, दोन किलो भाज्या. चहाच्या एका फेरीला दूध तीन लिटर, साखर अर्धा किलो, चहापूड दीडशे ग्रॅम. दूध शहरातून नेलं की दुपारपर्यंत नासतं. गावातल्या गवळ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा. गॅससाठी पाच किलोचे दोन छोटे सिलिंडर आणि दोन बर्नर पुरतील.

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला पाच लिटर पाणी धरा. दीड दिवसाचे तीनशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे पंधरा जार. हे तीनशे किलो वजन एका गाडीत किंवा टपावर चढवू नका. प्रत्येक गाडीत एक-दोन जार, पट्ट्याने बांधून. सुटा जार उतारावर मागच्या सीटवरच्या मुलाच्या अंगावर येतो. भांडी धुवायला गावातून दोनशे लिटरचं पिंप वेगळं भरून घ्या.

क्लबच्या मुक्कामांत स्वच्छतागृहाची काहीच सोय नसते. आम्ही बायका दिवसभर पाणी प्यायचंच टाळतो. यावर उपाय काय? (कोल्हापूर)

उपाय आयोजकांनीच करायचा आहे, आणि तो तंबू लावायच्या आधी करायचा आहे. उन्हात पाणी टाळून डोकं चढतं आणि पुढे लघवीला जळजळ सुरू होते, तेव्हा ही गोष्ट ‘बघू नंतर’ म्हणून सोडू नये. चाळीस जणांना तीन खड्डे, त्यातले दोन बायकांसाठी राखून. प्रत्येक खड्डा दोन फूट खोल, ओढ्या-विहिरीपासून निदान साठ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला. वर उभा तंबू किंवा चार बांबूंवर ताडपत्री, आत मगासह बादली, बाहेर मातीचा ढीग, खुरपं आणि लटकता दिवा. वापरल्यावर दोन खुरपी माती टाकायची. सॅनिटरी पॅड आणि ओले टिश्यू खड्ड्यात टाकू नका. ते घट्ट बांधलेल्या काळ्या पिशवीतून परत आणायचे. निघताना खड्डे पूर्ण बुजवून वर दगड ठेवा.

मुलं बरोबर आहेत. साप-विंचवाची भीती वाटते. काय तयारी ठेवावी? (पनवेल)

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तरी कित्येकदा कळत नाही. म्हणून उघड्यावर अंथरूण टाकू नका. तळ असलेला, चेन पूर्ण लागणारा तंबू वापरा, बूट आत ठेवा आणि सकाळी झटकून घाला. सरपण उचलताना हातमोजे घाला, कारण विंचू आणि फुरसं त्याखालीच असतात. कातळकड्याला आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर तिथे चूल पेटवू नका. धुराने माश्या उठतात.

साप चावला तर जागा कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. हात किंवा पाय फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालू देऊ नका, आणि थेट सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्या. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे रुळलं. तेही डॉक्टरांच्याच हातून, पण वेळ न घालवता.

सगळ्यात जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला मुक्कामाच्या आठवडाभर आधी फोन करून सर्पदंशाची लस आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का, हे विचारा. १०८ ची रुग्णवाहिका माळावर येऊ शकणार नाही, म्हणून ती डांबरी रस्त्यावर कुठे भेटेल ते ठिकाण ठरवा. एक गाडी रात्रभर तोंड वाटेकडे करून मोकळी ठेवा. तिच्या चारही टायरांत रस्त्याची हवा भरलेली, टाकी अर्धी तरी भरलेली, किल्ली ठरलेल्या जागी आणि चालक त्या रात्री दारू न प्यालेला.