वहीचे डावे पान

“काटकसर करायला आमची ना नाही, मॅडम. पण काटकसर सुरू केली की घरात भांडणं सुरू होतात, त्याचं काय करायचं?” साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या लहानशा खोलीत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता समोरच्याने पहिले वाक्य उच्चारताच पुढचे काय असेल ते मला उमगते. कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झालेला असतो, दुकान मंदीत असते किंवा घरातल्या एका आजारपणाने जमवलेले सगळे पैसे गिळलेले असतात. पैसे कमी पडतात हे दुःख असतेच, पण माझ्याकडे येणाऱ्यांना त्याहून जास्त बोचते ते वेगळेच. तंगीत दोघांनी एकमेकांच्या जवळ यायला हवे होते आणि प्रत्यक्षात घर तुटत चालले आहे, हे त्यांना सहन होत नाही.

म्हणून त्यातल्या एका कुटुंबाची हकिगत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून येथे लिहीत आहे. त्यांना आपण विलासराव आणि सुरेखाताई म्हणू. विलासराव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. सुरेखाताई घरीच ब्लाउज शिवतात आणि फॉल-पिकोची कामे घेतात. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत आणि सोबत माण तालुक्यातून आलेल्या विलासरावांच्या आई, असे पाच जण करंजे भागात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतात. ओव्हरटाइम थांबल्यावर विलासरावांच्या हातात २२,००० रुपये येऊ लागले आणि शिवणकामाचे सुमारे ३,५०० धरून घरात महिन्याला २५,५०० रुपये येत होते. भाडे, दुचाकीचा हप्ता, किराणा, दूध-भाजी, गॅस-वीज, आईंची औषधे, शाळा-क्लास, पेट्रोल आणि मोबाईल मिळून खर्च २६,१०० होता. म्हणजे तूट सहाशे रुपयांची. ही सहाशेची तूट दर महिन्याला उसनवारीने भरली जात होती आणि तिच्यावरून आठवड्यातून तीनदा घरात आवाज चढत होता.

पहिल्या भेटीत विलासरावांनी पिशवीतून एक लांबट वही काढून माझ्यापुढे ठेवली. तिच्यात रोजचा पै-पैचा खर्च सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता आणि जे खर्च त्यांच्या मते टाळता आले असते त्यांच्याभोवती लाल शाईने गोल काढलेले होते. “मी फक्त हिशेब ठेवतो, मॅडम. हिशेब ठेवणं चूक आहे का?” मी वही बराच वेळ चाळली. त्या महिन्यात चौदा लाल गोल होते: विकतचे दही, मेंदीचा कोन, मुलाला घेतलेला पेरू, रिक्षाचे वीस रुपये. चौदापैकी एकही गोल विलासरावांच्या स्वतःच्या खर्चाभोवती नव्हता. मी तसे म्हटल्यावर ते थोडे थबकले आणि म्हणाले, “माझा खर्चच नाही तर गोल कुठून काढणार?” सुरेखाताई तोवर पदराचे टोक बोटाला गुंडाळत गप्प बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “रविवारी ही वही सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. आत्या म्हणजे सासूबाई पण असतात, पोरं पण असतात.”

हिशेब ठेवणे चूक नाही, हे मी त्यांना निःसंदिग्धपणे सांगितले, कारण ज्या घरात खर्च लिहिला जात नाही तेथे काटकसर केवळ चिडचिडीच्या रूपाने उरते. मात्र त्या वहीत एक मोठी उणीव मला दिसत होती. उजव्या पानावर गेलेला पैसा होता आणि डावे पान संपूर्ण वहीभर कोरे होते. जो पैसा जाऊ शकला असता पण कुणाच्या तरी कष्टाने, सोसण्याने किंवा हुशारीने घरातच राहिला, त्याची नोंद कुठेच नव्हती. मी दोघांना आठ दिवसांचे एकच काम दिले. डाव्या पानावर रोज काय वाचले आणि ते कुणी वाचवले हे लिहायचे. अट अशी की स्वतःचे नाव कुणी स्वतः लिहायचे नाही, दुसऱ्याचेच लिहायचे.

विलासरावांना हे पोरकट वाटले आणि त्यांनी ते तोंडावर सांगितलेही. मी आग्रह सोडला नाही. आल्फ्रेड अ‍ॅडलर या व्हिएन्नाच्या मानसतज्ज्ञाचे विचार माझ्या कामाचा पाया आहेत. माणूस आपल्या माणसांत आपला काही उपयोग आहे या जाणिवेवर जगतो, आणि ती जाणीव सुटली की एक तर कोमेजतो किंवा भांडतो, असे ते विचार थोडक्यात सांगता येतील. न्यूनगंड हा शब्द आपण सगळेच वापरतो, पण त्यावरचा अ‍ॅडलर यांचा उपाय, म्हणजे माणसाला धीर देणे, उमेद देणे, हा मात्र फारसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. तंगीतल्या घराला सल्ल्याच्या आधी उमेद लागते, असे अठरा वर्षांच्या अनुभवाने माझे ठाम मत झाले आहे.

दुसऱ्या भेटीला ते आले तेव्हा डाव्या पानावर विलासरावांच्या तीन नोंदी होत्या. सुरेखाने घरी विरजण लावले. सुरेखाने मुलाची पँट उसवून लांब केली. तिसरी नोंद सांगताना ते अडखळले: “मंगळवारी ही राजवाड्यापासून घरापर्यंत चालत आली. दोन पिशव्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाली, रोजच येते.” लाल गोलातली ती वीस रुपयांची रिक्षा महिन्यातून एकदाच केलेली होती, हे त्यांना त्या दिवशी कळले.

सुरेखाताईंची नोंद एकच होती. त्यांनी ती वाचायला नकार दिला, म्हणून मी त्यांच्या परवानगीने वाचली. “यांनी कंपनीतला चहा सोडला असावा. कपडे धुताना खिशात दहाची नोट तशीच सापडते.”

खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही. विलासराव भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत राहिले. मी सुरेखाताईंना विचारले, “हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?”

“तीन महिने झाले असतील.”

“मग बोलला नाहीत?”

“कसं बोलणार, मॅडम? चार माणसांत चहाला जायचं टाळतात, म्हणजे त्यांना किती जड जात असेल. मला कळलंय असं समजलं तर त्यांना लाज वाटली असती.”

माझ्या कामातल्या समजुतीला त्या वाक्याने वळण दिले, म्हणून त्याच्याजवळ मी थोडी रेंगाळते. तोवर माझा समज असा होता की काटकसर करणाऱ्या घरात एकमेकांचे कष्ट दिसत नाहीत म्हणून भांडणे होतात. प्रत्यक्षात सुरेखाताईंना सगळे दिसत होते. आपल्याकडे गरिबी झाकायची रीत आहे, आणि दुसऱ्याचे सोसणे बोलून दाखवले तर त्याची गरिबीच उघडी पडेल या भीतीने आपण तोंड मिटून घेतो. अब्रू राखण्यासाठी धरलेले हे मौन समोरच्याला मात्र बेपर्वाई वाटते. विलासरावांनी तीन महिने चहा सोडला होता, आणि तो कुणालाच दिसत नाही अशी त्यांची समजूत असल्यामुळेच त्यांच्या लाल पेनाला धार चढत गेली होती. तेव्हापासून अशा प्रत्येक जोडप्याला मी एक प्रश्न विचारते: “तुमच्या माणसाने सोसलेली कोणती गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही बोलून दाखवलेली नाही?” या प्रश्नाला आजवर रिकामे उत्तर मिळालेले नाही, याचे मला समाधान आहे.

त्यानंतरच्या एका भेटीला विलासरावांच्या आई आल्या. १९७२च्या दुष्काळात त्या माणमध्ये रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असत. वहीबद्दल त्यांना काय वाटते असे मी विचारले, तेव्हा त्या लेकाकडे न बघता म्हणाल्या, “आमी खडी फोडायचो तवा मुकादम रोज सांच्याला ढीग मोजायचा. ढीग कमी भरला की पैसं कापायचा. पर घरी आल्याव कुणी मोजत न्हवतं बगा.” कारखान्यात दिवसभर इतरांचे काम मोजणारे विलासराव त्यावर काहीच बोलले नाहीत. पुढच्या रविवारी वही सगळ्यांसमोर वाचली गेली नाही, एवढे मला सुरेखाताईंकडून कळले.

उमेद देणे म्हणजे गोड बोलणे, असा गैरसमज मात्र कुणी करून घेऊ नये. “शाब्बास, फार छान बचत केलीस” हे वाक्य वरून खाली पाहत बोलले जाते. त्यात एक जण परीक्षक असतो आणि दुसरा परीक्षार्थी. “दोन पिशव्या घेऊन चालत आलीस, हात भरून आले असतील, मंगळवारी मी गाडी घेऊन येतो” या वाक्यात कष्ट नेमके पाहिलेले असतात आणि त्यांतला वाटा उचललेला असतो. दुसऱ्याचे कष्ट नेमक्या शब्दांत सांगता येणे ही सवयीने येणारी गोष्ट आहे, आणि त्यासाठी डावे पान हे फार चांगले साधन आहे.

तसेच, सहाशे रुपयांची तूट शब्दांनी भरून निघत नाही. वातावरण निवळल्यावर आम्ही उजव्या पानाकडे वळलो, आणि आधी न सुचलेल्या वाटा आता भराभर सुचू लागल्या, कारण सुचवणाऱ्याला आरोपीसारखे वाटत नव्हते. पाणी तापवायचा १,५०० वॉटचा रॉड रोज दीड तास चालू असे; मुलीने वहीच्या मागच्या पानावर गणित मांडून त्याला महिन्याला सुमारे ६७ युनिट लागतात हे दाखवले. १०० युनिटांनंतरच्या प्रत्येक युनिटचा दर चढा असतो हे तिने बिलावरून वाचले. सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ उरकून आणि उकाड्याच्या दिवसांत फक्त आजींचे पाणी तापवून रॉडचा वेळ निम्म्यावर आला आणि बिल सुमारे साडेतीनशे रुपयांनी उतरले. आईंच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांना जन औषधी केंद्रात त्याच घटकांचा पर्याय आहे का, हे विलासरावांनी डॉक्टरांना विचारून घेतले; १,५०० रुपयांचे औषध साडेआठशेत बसू लागले. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बदलू नयेत आणि पैसे वाचवण्यासाठी डोस तर मुळीच चुकवू नयेत, हे मी येथे मुद्दाम लिहिते, कारण तंगीत घरातल्या बायका सर्वांत आधी स्वतःच्या गोळ्यांवर काट मारतात.

अशा रीतीने हजार रुपये मोकळे झाले. त्यातले सहाशे तुटीत गेले. उरलेल्या चारशेंचे काय करायचे यावर विलासरावांचा आणि माझा मतभेद झाला. त्यांना सगळे शिल्लक टाकायचे होते. मी म्हटले की दीडशे रुपये त्यांनी आणि दीडशे रुपये सुरेखाताईंनी हातखर्चाला ठेवावेत आणि त्याचा हिशेब कुणी कुणाला विचारू नये. ज्या काटकसरीत मोठ्या माणसाला दहा रुपयेही न विचारता खर्च करता येत नाहीत, ती फार दिवस टिकत नाही. मग चोरून खर्च होतो, खोटे बोलले जाते, आणि मोडलेला विश्वास जोडायला तिप्पट काळ लागतो. त्यांनी नाइलाजाने मान्य केले. राहिलेल्या शंभर रुपयांत टपाल कार्यालयातले आवर्ती ठेवीचे खाते उघडता आले, कारण तेथे महिन्याला किमान शंभर रुपयेच लागतात. रक्कम लहान आहे, पण ज्या घरात महिनाअखेर उसने मागितले जात होते त्या घरात पासबुक आले, याचे मोल मी जाणते.

साताऱ्यात संसारातल्या त्यागाचा विषय निघाला की लक्ष्मीबाई पाटलांचे नाव निघतेच. पती कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने आणि मंगळसूत्रही दिले. विलासरावांनीही एकदा हा दाखला दिला. मी त्यांना सांगितले की सुनेला गप्प बसवण्यासाठी ही गोष्ट मी कुणाला सांगू देत नाही. लक्ष्मीबाईंनी काय दिले हे साताऱ्याला आजही माहीत आहे, त्यांचे नाव घेऊन सांगितले जाते. तुमच्या घरात सुरेखाताईंनी काय दिले ते कोण सांगते? त्यांनी थोडा विचार करून “मी सांगेन” असे उत्तर दिले. विलासरावांचे ते सर्वांत लहान आणि सर्वांत मोलाचे वाक्य मी माझ्या टिपणात उतरवून ठेवले आहे.

वाचकांपैकी कुणाला हा प्रयोग घरी करायचा असेल तर एक सावधगिरी सांगते. डावे पान भरायला पहिल्या आठवड्यात दोघांनाही जड जाते आणि एखादा दिवस कोराच जातो. तेव्हा जुने उकरून काढू नये आणि “तुला माझे काहीच दिसत नाही का” असेही विचारू नये. कोरे पान कोरेच ठेवावे. शिवाय घरात व्यसन, मारहाण किंवा खासगी सावकाराचे कर्ज असेल तर केवळ वहीने भागणार नाही. तेथे आधी त्या प्रश्नासाठी मदत घ्यावी. महिन्याला शेकडा तीनचे व्याज म्हणजे वर्षाला शेकडा छत्तीस होतात, हे कर्ज घेताना कुणी सांगत नाही. अशा कर्जाची फेड किराण्याइतकीच निकडीची समजावी.

या जोडप्याची शेवटची भेट जूनमध्ये झाली. ओव्हरटाइम अजून सुरू झालेला नव्हता. वही आता मुलगी सांभाळते आणि डाव्या पानावर पाचवीतल्या मुलाचेही अक्षर दिसते. मी उजवे पान पाहिले. त्यात सुरेखाताईंच्या हातखर्चातून आणलेल्या पाव किलो कंदी पेढ्यांची नोंद होती, शेजारी कंसात “निकाल” असे लिहिले होते. अक्षर विलासरावांचे होते आणि शाई निळी होती.