सत्तावीस स्लाइड, दहा मिनिटं

‘मॅडम, कॉन्फरन्समध्ये ओरल आहे. नुसता विचार आला तरी तोंड कोरडं पडतं. नाव मागे घेऊ का?’

परिषदांचा हंगाम आला की हा प्रश्न घेऊन माझ्याकडे कुणीतरी येतंच. ‘ओरल’ म्हणजे आपलं संशोधन सगळ्यांसमोर उभं राहून बोलून मांडायचं. पोस्टर लावून दिवसभर त्याच्याशेजारी उभं राहायला ही मुलं तयार असतात, पण माइक हातात घ्यायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. अशाच एका मुलीची ही गोष्ट आहे. तिला विचारूनच लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करत होती. घर सोलापूरच्या पूर्व भागात, त्यामुळे घरात तेलुगू, शाळा मराठी आणि प्रबंध इंग्रजीत. वडील कितीतरी वर्षं डाईंगमध्ये कामाला. सूत रंगवल्यावर जे रंगीत पाणी उरतं, त्यातले अ‍ॅझो नावाचे कृत्रिम रंग जीवाणूंकडून काढता येतात का, हा तिच्या संशोधनाचा विषय. म्हणजे बापाच्या कामातून उरलेलं पाणी लेक प्रयोगशाळेत तपासत होती.

पहिल्या भेटीत माझंच चुकलं. भीती म्हटल्यावर मी लगेच श्वासाचा व्यायाम दिला: सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. आठवड्यानं ती आली आणि म्हणाली, ‘श्वास जमतो मॅडम. पण बोलताना तो घ्यायचा कधी, तेच कळत नाही.’

तेव्हा मी तिला लॅपटॉप उघडायला लावला. सत्तावीस स्लाइड होत्या! वेळ दहा मिनिटं, त्यातली दोन प्रश्नांसाठी. शिवाय साडेचार पानांचं इंग्रजी भाषण, शब्दन्‌शब्द पाठ. ते म्हणताना ‘हाउएव्हर’नंतरचं वाक्य आठवेना, तशी ती थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मग स्वतःच म्हणाली, ‘ताण्यातला एक धागा तुटला की अख्खा माग थांबतो, तसं होतंय.’ यापेक्षा नेमकं निदान मलाही करता आलं नसतं.

मी म्हटलं, ‘हे बघ, मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. मला मराठीत सांग, काय केलंस?’ बराच वेळ ती अडखळली. मग दोन वाक्यांत सांगितलं आणि मला कळलं. घरी जाऊन वडिलांना तेलुगूत सांगायचं, एवढाच त्या आठवड्याचा गृहपाठ दिला.

पुढच्या भेटीत ती हसत आली, पण जरा हबकलेलीही होती. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘रंग गेला म्हणतेस, पण गेला कुठं? जंतूंनी खाल्ला, की सुतासारखा अंगाला लावून घेतला?’

नेमका हाच प्रश्न परीक्षक विचारतील म्हणून ती महिनाभर झोपत नव्हती! उत्तर तिच्याकडे होतं. रंग गेल्यावर ते पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून जड भाग तळाशी बसवणाऱ्या यंत्रात, फिरवायचं. तळाशी बसलेले जीवाणू रंगीत दिसले तर रंग नुसता चिकटलाय; त्यांच्यावर रंग नसेल तर रेणू तुटला असण्याची शक्यता जास्त, मग पुढच्या चाचण्यांनी ते पक्कं करायचं. तिच्या नळीत तळ रंगीत नव्हता. पण तो फोटो एकोणिसाव्या स्लाइडच्या कोपऱ्यात नखाएवढा होता! तो चौथ्या स्लाइडवर आणून पानभर मोठा केला.

त्यानंतर छाटणी सोपी झाली. वस्त्रोद्योगाचा इतिहास गेला, उपकरणांची यादी गेली, शेवटच्या बाकावरून वाचता न येणारे तक्ते गेले. नऊ स्लाइड उरल्या. काढलेल्या फेकल्या नाहीत, ‘थँक यू’च्या मागे ठेवल्या; प्रश्न आला तर उघडायला. पहिली दोन आणि शेवटचं एक वाक्य इंग्रजीत पाठ ठेवायचं, मधलं चित्राकडे बघून लहान लहान वाक्यांत बोलायचं. ‘इंग्रजी कच्चं आहे’ ही तक्रार त्यानंतर तिच्या तोंडून ऐकली नाही.

हात थरथरतो, हे मात्र तिच्या डोक्यातून जात नव्हतं. म्हणून मोबाइलवर चित्रण केलं. स्वतःला बघून ती म्हणाली, ‘एवढंच दिसतं?’ आपली आतली धडधड समोरच्याला आहे त्यापेक्षा जास्त दिसते असं आपल्याला वाटतं. सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं होतं की बोलणाऱ्याला ही गोष्ट आधी समजावून सांगितली तर भाषणच सुधारतं. लेझर पॉइंटर मात्र खरंच चुगली करतो, हाताची बारीक थरथर पडद्यावर वीतभर होते. कोपर अंगाला टेकवून धरायचा, नाहीतर पॉइंटर सरळ टेबलावर ठेवून द्यायचा. (धडधड थांबवायची गोळी मैत्रिणीकडून मागून घेणारेही भेटतात. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. दमा असेल तर त्यातल्या काही गोळ्या धोक्याच्या ठरतात.)

राहिले प्रश्न. ‘माहीत नाही’ असं कधी म्हणायचं नाही, असं तिला कुणीतरी बजावून ठेवलं होतं. मला ते मुळीच पटत नाही. ‘हे आम्ही अजून तपासलेलं नाही’ हे वाक्य मी तिच्याकडून आरशासमोर वीस वेळा म्हणवून घेतलं, मान खाली न घालता.

आदल्या दिवशी हुतात्मा एक्सप्रेसनं ती पुण्याला गेली. सत्रात आधीचे वक्ते लांबले आणि अध्यक्षांनी तिला सात मिनिटं दिली. वेळ कमी पडला तर कुठल्या दोन स्लाइड गाळायच्या हे ठरलेलं होतं, त्या तिनं गाळल्या. एकानं विचारलं, ‘अ‍ॅझो रंग तुटल्यावर अ‍ॅरोमॅटिक अमाइन ही रसायनं होतात, ती विषारी असू शकतात. त्यांचं काय?’ तिनं मागची स्लाइड काढली: शुद्ध केलेल्या पाण्यात ज्वारीचं बी कसं उगवलं त्याची. आणि त्यातलं प्रत्येक अमाइन कोणतं, हे अजून तपासलेलं नाही, हेही सांगून टाकलं. ते गृहस्थ चहाच्या वेळी येऊन तिचा ईमेल घेऊन गेले.

परत आली तेव्हा माझ्यासाठी शेंगाचटणीची पुडी आणि चेहऱ्यावर थोडी नाराजी होती. ‘बाबांचा प्रश्न कुणी विचारलाच नाही मॅडम,’ ती म्हणाली. ‘एवढा मोठा फोटो लावला होता.’