चेहरा धूसर केला, तरी मुलगी ओळखली गेली

प्रश्न : वडाळ्यात आम्ही काही जण संध्याकाळी मुलांसाठी मोफत अभ्यासिका चालवतो. वार्षिक अहवालात मुलांचे चेहरे मोबाइलवर ब्लर करून छायाचित्रे छापली आणि तीच फेसबुकवरही टाकली. तरीही एका मुलीला शेजारच्या चाळीतील बायकांनी सहज ओळखले; तिची आई आमच्यावर फार रागावली. मग चेहरा धूसर करण्याला अर्थच नाही का?
– एक वाचक, वडाळा

उत्तर : अर्थ आहे, पण ओळख कोणापासून लपवायची आहे हे आधी ठरवायला हवे. पुण्यातल्या एखाद्या अनोळखी देणगीदाराला धूसर चेहऱ्यावरून काहीही कळणार नाही. शेजारणींचे तसे नसते. दादरच्या पुलावरील गर्दीतही आपण पाठमोऱ्या माणसाला नुसत्या चालीवरून हाक मारतो. त्या बायकांना मुलीचा फ्रॉक, दप्तर आणि शेजारी बसलेली मैत्रीण एवढे पुरले असणार. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ आपल्या प्रसंगाला लागू नाही, परंतु पीडित बालकाविषयीच्या बातमीत छायाचित्राबरोबरच नाव, पत्ता, शाळा, कुटुंब आणि परिसर उघड करण्यासही ते मनाई करते, ते याच कारणाने.

यंत्राची गोष्ट आणखी वेगळी. ब्लर करताना शेजारशेजारच्या बिंदूंच्या रंगांची सरासरी काढली जाते, त्यामुळे तपशील पुसट होतो, पण चेहऱ्याची ठेवण, केसांची रेषा, उजेड-सावली यांचा काही अंश मागे उरतो. २०१६ साली टेक्सास विद्यापीठ आणि कॉर्नेल टेकच्या संशोधकांनी दाखवले की, मोझेक केलेले, म्हणजे मोठ्या चौकोनी ठिपक्यांत बदललेले, किंवा यूट्यूबच्या सोयीने धूसर केलेले चेहरे शिकवलेली संगणकप्रणाली ते कोणाचे आहेत हे पुष्कळदा बरोबर सांगते. ती मूळ चेहरा परत घडवत नाही. ठाऊक असलेल्या माणसांपैकी हा कोण, एवढेच ती निवडते, आणि अभ्यासिकेत मुले तीस-चाळीसच असतील तर ही निवड सोपी होते. चेहरा भोवऱ्यासारखा फिरवण्याची युक्ती तर त्याहून कच्ची, कारण त्यात बिंदू पुसले जात नाहीत, फक्त हलवले जातात. २००७ मध्ये इंटरपोलला हव्या असलेल्या एका संशयिताचा असा चेहरा जर्मन पोलिसांनी उलटा फिरवून ओळखण्याजोगा केला होता.

म्हणून चेहरा झाकायचाच असेल तर त्यावर पूर्ण अपारदर्शक रंगाचा चौकोन भरावा, तोही केसांसकट. मोबाइलमधील मार्कर बहुधा अर्धपारदर्शक असतो. उजळपणा वाढवला की खालचे दिसू लागते. अहवाल पीडीएफ असेल तर चौकोन छायाचित्रावर नुसता ठेवू नये, कारण तो उचलून बाजूला करता येतो. झाकलेल्या चित्राचा स्क्रीनशॉट घेऊन तोच वापरावा. त्याने मूळ फाइलमधील जागेची व वेळेची नोंदही बरोबर जात नाही. एक चूक मात्र फार वेळा दिसते : अहवालात झाकलेले छायाचित्र, आणि स्वयंसेवकांच्या व्हॉट्सॲप गटात त्याच क्षणाचे न झाकलेले.

एवढे करूनही शेजारणी ओळखतीलच, हे मान्य करावे लागेल. देणगीदारांना अभ्यासिका दाखवायची असेल तर वहीवर झुकलेले हात किंवा फळ्यावरील गणित पुरेसे बोलके असते. फेसबुकवरील छायाचित्र आजच काढून टाका, त्या आईंना स्वतः भेटून तसे सांगा, आणि पुढल्या अहवालाची छायाचित्रे छापण्यापूर्वी पालकांना दाखवा.