फी एक लाख चाळीस हजार, पण एफडी दहाव्या महिन्यात संपते

ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे, म्हणून वाचकांसाठी आधी त्यातले आकडे सांगतो. तुम्ही नागपुरात मानेवाड्याला राहता, वय 34, शिक्षण बारावी कॉमर्स, 56 टक्के. इतवारीत कापडाच्या दुकानात बिलिंगला बसता, पगार 11,000. यजमान बुटीबोरीला कंत्राटी कामावर, पगार 17,000. घरखर्च 24,000. त्यातच सात वर्षांच्या मुलाची ऑक्युपेशनल थेरपी आली, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिली जाणारी थेरपी. त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूशी निगडित, हालचालींवर परिणाम करणारी अवस्था) आहे, आठवड्यातून तीन सेशन, दर सेशनला 300, म्हणजे महिन्याला साधारण 3,600. शिल्लक म्हणाल तर 2,20,000 ची एफडी आणि चार तोळे सोनं. आता एका खासगी संस्थेत दोन वर्षांचा ‘ओटी असिस्टंट’ डिप्लोमा करायचा आहे. फी 1,40,000, परीक्षा, गणवेश आणि पुस्तकं मिळून आणखी 12,000. वर्ग रोज 11 ते 2, त्यामुळे दुकान सोडावं लागणार. तुम्ही विचारता, एफडी मोडू की सोनं गहाण ठेवू?

दोन्ही करू नका.

मुलाला चमचा धरायला, शर्टाचं बटण लावायला शिकवताना पाहून हे काम आपल्याला जमेल असं वाटलं, असं तुम्ही लिहिलंय. ते वाटणं खरं आहे, त्याबद्दल मला शंका नाही. शंका त्या संस्थेच्या कागदाबद्दल आहे. तुम्ही अभ्यासक्रमाच्या पानाचा फोटो जोडलाय. दुसऱ्या सत्रात काय काय आहे ते वाचलंत का? निर्जंतुकीकरण, ऑटोक्लेव्ह, टाक्यांचं साहित्य, भूल देण्याची यंत्रं. हा ऑपरेशन थिएटरचा कोर्स आहे; इथलं ‘ओटी’ म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी नव्हे. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत ‘ओटी असिस्टंट पाहिजे’ अशी पाटी लागते, ती बहुतेक वेळा याच कामाची असते. काम चांगलं आहे, पण तुम्हाला जे करायचंय ते हे नाही. संस्थेच्या समुपदेशक बाईंनी ‘दोन्हीकडे चालतं’ असं सांगितलं असेल, तर ते लेखी मागून बघा. देणार नाहीत.

समजा, उद्या खरोखर थेरपीचाच डिप्लोमा सापडला. तरी फी भरण्याआधी तास मोजायचे. केंद्राच्या 2021 च्या कायद्यात ऑक्युपेशनल थेरपीसह बऱ्याच आरोग्यव्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला. त्यात सहायक आणि तंत्रज्ञ पातळीच्या डिप्लोमा-पदवीला किमान 2,000 तासांचं शिक्षण, दोन ते चार वर्षांत विभागलेलं, अशी अट आहे. तुमच्या वर्गाचे दिवसाला तीन तास, आठवड्याला पाच दिवस, सुट्ट्या वगळून दोन वर्षांत 90 आठवडे धरले तर होतात 1,350. माहितीपत्रकात प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या कामाचे वेगळे तास कुठे दिसत नाहीत. माहितीपत्रकावर विमानाचं चित्र आहे, ‘परदेशात मोठी मागणी’ असंही लिहिलंय. अमेरिकेत असा सहायक व्हायला तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेतली पदवी लागते. त्यात 16 आठवड्यांचं पूर्णवेळ प्रात्यक्षिक असतं, मग राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना. नागपुरातला खासगी डिप्लोमा दाखवून त्या रांगेत उभं राहता येत नाही. ते विमान विसरा.

आता मुख्य गोष्ट, पैसा. तुम्ही फीचाच विचार केलाय. तुमच्या घराचं महिन्याचं गणित मात्र पगार थांबल्यावर बिघडणार आहे. 24,000 खर्च, 17,000 आवक, म्हणजे दरमहा 7,000 ची तूट. एफडी मोडून फी आणि वरचा खर्च दिला की हातात राहतात 68,000. भागिले सात हजार. दहाव्या महिन्यात पैसे संपतात. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजात जी कपात करेल, ती यात धरलेली नाही. कोर्स तेव्हा अर्धाही झालेला नसेल. उरलेले चौदा महिने सोन्यावर काढायचे, आणि यजमानांचं कंत्राट त्या काळात नूतनीकरण झालंच पाहिजे. एवढी तंग दोरी मी कुणालाच बांधायला सांगणार नाही.

शेवटी मिळणार काय, तेही बघू. तुम्ही स्वतः दोन सेंटरमध्ये विचारलंत. असिस्टंटला 12 ते 15 हजार देतात म्हणाले. वरचा आकडा धरू. आजच्यापेक्षा 4,000 जास्त. त्यासाठी खर्च किती? फी 1,40,000, वरचे 12,000 आणि दोन वर्षांचा बुडालेला पगार 2,64,000. एकूण 4,16,000. महिन्याला चार हजारांनी ते वसूल व्हायला 104 महिने लागतील, म्हणजे पावणेनऊ वर्षांच्या आसपास. दुकानात या काळात झाली असती ती पगारवाढ मी सोडूनच दिली आहे.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती शेवटची ओळ, तुम्ही ताजा कलम म्हणून टाकलेली: ‘मुलाच्या सेंटरमधल्या मॅडम म्हणतात, 9,000 देते, मदतनीस म्हणून या, पण पगार कमी आहे म्हणून मी हो म्हटलं नाही.’

ताई, तिथे हो म्हणा. पण बोलणी वेगळी करा. पगार वाढवून मागू नका, मुलाची फी माफ मागा. 9,000 अधिक वाचलेले 3,600, म्हणजे घरात 12,600. दुकानापेक्षा 1,600 जास्त, आणि काम आवडीचं. त्या अर्ध्याच फीवर तयार झाल्या तरी 10,800 होतात, फक्त 200 रुपयांचा फरक. मॅडमना हे परवडतं, कारण सेशन त्या घेतातच, खिशातून रोख जात नाही. हे ठरलेलं व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या. साहित्य मांडणं, पेगबोर्ड आणि पुटी काढून ठेवणं, झोक्यावर मुलाला धरणं, वहीत नोंद करणं, ही कामं तुमची. एकट्यानं सेशन घ्यायला लावत असतील तर नाही म्हणायचं. थेरपी ठरवणं नोंदणीकृत थेरपिस्टचं काम, आणि मॅडमची महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी आहे का, तेही विचारा. यात उद्धटपणा नाही.

वर्षभर हे केल्यावर कळेल की रोज सात-आठ मुलांसोबत उभं राहणं झेपतं का. आपल्या एका मुलासाठी जे मन लावतो, ते दुसऱ्याच्या रडणाऱ्या मुलासाठी पाचव्या तासाला लागतंच असं नाही. लागलं तर पुढचं शिक्षण. थेरपिस्टची पदवी इंटर्नशिपसह चार वर्षांहून जास्त काळाची. ती आपल्या मेडिकलमध्येही, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही आहे. पण त्यासाठी बारावी सायन्स आणि ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा लागते, तुमचं कॉमर्स असल्यानं तो दरवाजा बंद आहे. उघडा आहे तो विशेष शिक्षणाचा, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याचा, दोन वर्षांचा डिप्लोमा. बारावी कुठल्याही शाखेची चालते, खुल्या गटाला 50 टक्के लागतात, तुमचे 56 आहेत. मान्यता भारतीय पुनर्वास परिषदेची, उत्तीर्ण झाल्यावर परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव येतं. त्यालाही पूर्णवेळ जावं लागेल, पगार थांबेल. म्हणूनच वर्षभर आधी पैसे बाजूला टाकायचे. मुलाची फी माफ झाली, तर ती 3,600 दरमहा आवर्ती ठेवीत जाऊ द्या. वर्षात 43,200 मुद्दल जमतं. वरच्या रकमेला शैक्षणिक कर्ज बघू. पण संस्था परिषदेच्या यादीत आहे हे स्वतः वेबसाइटवर तपासल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

पत्रात नसलेल्या दोन गोष्टी. मुलाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेलच. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात सेरेब्रल पाल्सी बसते, संरक्षण वर्षाला 1 लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात काही मर्यादेपर्यंत येतो. काढला नसेल तर या महिन्यात काढा. दुसरं, यजमानांच्या पगारपत्रकावर ईएसआयची (कामगार विमा योजनेची) कपात दिसते का? 21,000 पर्यंतच्या पगाराला ती लागू होते, 17,000 वर महिन्याला 128 रुपये. दिसत नसेल तर कंत्राटदाराला विचारायला लावा. कुटुंबाच्या दवाखान्याचा प्रश्न त्यात सुटतो.

एफडी नूतनीकरणाला आली की तिचे दोन भाग करा, 1,50,000 आणि 70,000. अडचण आलीच तर छोटी मोडायची, मोठीचं व्याज शाबूत राहतं. सोनं कपाटातच असू द्या.

संस्थेत जागा धरायला तुम्ही 2,000 भरलेत, त्या पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात ‘परत मिळणार नाही’ असं आहे. एकदा अर्ज देऊन मागा. नाही दिले तर सोडून द्या, आणि 15 तारखेचा पहिला हप्ता भरू नका. सोमवारी मुलाला घेऊन सेंटरला जाल तेव्हाच मॅडमशी बोला. दुकानात मात्र त्यांचं ‘हो’ लेखी आल्यावरच सांगा.